माश्यांसाठी मका

आमच्या पुंडलिकनगरच्या घरात वरच्या खोलीत तनुजा भाड्यानं राहते. सोयगावकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली. संशोधनासाठी फळमाश्या पाळते. केळ्यांवरच्या ज्या माश्यांमागे मी फडकं घेऊन धावते, त्यांनाच ही बाटल्यांत मक्याचं पीठ आणि गूळ शिजवून घालते. मी नाक मुरडलं, तेव्हा तिनं मला शिकवायलाच घेतलं.

"काकू, पेशीला तिची वरची बाजू कोणती, खालची कोणती, हे काही जनुकं ठरवून देतात. ती बिघडली की पेशी थर सोडून एकमेकींवर चढतात, वाढतच सुटतात. गाठ होते. असं एक जनुक बिघडलेला माश्यांचा वाण मी सांभाळते. चांगलं जनुक परत घातलं तर गाठ थांबते का, ते बघायचंय."

दोन वर्षं खपून केलेला तो वाण श्रावणात आठवड्याभरात मेला. दोष पिठाचा निघाला. घरचा मका असताना विकतचं पीठ कशाला, म्हणून तिच्या आईनं, बानाबाईनं, पोतं धाडलं होतं. आणि किडे लागू नयेत म्हणून त्यात औषधाची पावडर कालवली होती. माया करताना माणूस जरा जास्तच करतो.

तिच्या संशोधनाच्या सरांनी विषय बदलायला सुचवलं. मला वाटलं, आता ही सामान बांधणार. तिनं मात्र धुवायला टाकलेली एकेक जुनी बाटली उजेडात धरून पाहिली. एकीच्या काचेला त्याच वाणाचे थोडे कोष चिकटलेले होते, विकतच्या पिठावर वाढलेले. "विषय तोच राहील," असं ती सरांना सांगून आली. कोषांतून माश्या निघेपर्यंत तिचं जेवणात लक्ष नव्हतं. निघाल्या, आणि त्यांतल्या एका जोडीपासून तिनं वाण पुन्हा वाढवायला घेतला. मला त्या पोरीचा फार अभिमान वाटला.

मग तिनं आईला फोनवर खरं काय ते सांगितलं.

दिवाळीआधी बानाबाई स्वतःच नवं पोतं घेऊन दारात. माझ्या पुसलेल्या फरशीवर तिनं पोत्याचं तोंड सोडलं, तर मक्याबरोबर किड्यांची रांगच बाहेर आली. मी झाडू उचलला.

"थांबा ताई," बानाबाई म्हणाली. "ह्या खेपेला पावडर लावली नाय. हे जित्ते हायत, तर लेकीच्या माश्या बी जगतील."

मी झाडू खाली ठेवला.