शुद्धिपत्रबाई

आमच्या चौदा निवृत्तांच्या मंडळाने दर महिन्याच्या तिसऱ्या गुरुवारी एखादं प्रदर्शन बघायला जायचं, हा नियम माझा. तीस वर्षं इस्पितळात मेट्रन होते, माणसांना रांगेत चालवायची सवय जाता जात नाही. कधी चित्रं, कधी मातीची भांडी. एकदा तर नुसत्या खुर्च्या बघायला दीड तास बसमधून गेलो आणि तिथे त्यांतल्या एकीवरही टेकू देईनात. आमचे भूगोलाचे मास्तर त्यावरून अजून मला टोमणे मारतात. मारोत बापडे. घरी बसून स्वतःच्या भिंती बघण्यापेक्षा दुसऱ्याच्या बघितलेल्या बऱ्या.

या चौदा जणांत माझ्या डोक्याला ताप एकच, शुद्धिपत्रबाई. त्यांनी अडतीस वर्षं एका छापखान्यात प्रुफं तपासली. चित्रासमोर उभ्या राहतील, पण चित्राकडे बघतील तर शपथ. नजर खालच्या पाटीवर. 'खिडकी'तल्या 'की'ला कुणी पहिली वेलांटी दिली, 'दुपार'मधला उकार कुणी दीर्घ केला, सगळं वहीत टिपायचं आणि निघताना तो कागद तिथल्या माणसाच्या हातात ठेवायचा. वर म्हणायचं, "राग मानू नका हं." आम्ही दाराशी ताटकळत. एकदा मी चिडून म्हटलं, "बाई, चित्र वर आहे, मान जरा वर करा." त्या शांतपणे म्हणाल्या, "चित्रातली चूक मला कळत नाही. जे कळत नाही त्यात मी तोंड घालत नाही."

त्यांच्याबद्दल आम्हाला फारसं ठाऊक नव्हतं. आई गेली तेव्हा बाई सतरा वर्षांच्या आणि धाकटी बहीण दोनची. वडील त्याआधीच गेलेले. बाईंनी लग्न केलं नाही, छापखाना धरला. दोन खोल्या, एक टेबल, एक दिवा. प्रुफं घरी आणायच्या, आणि टेबलाखाली बसून ती पोर पाठकोऱ्या कागदांवर चित्रं काढायची. एवढं एकदा बोलण्याच्या ओघात कळलं होतं. पुढे त्या बहिणीचं काय झालं, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही.

यंदा बाई माझ्या दारात वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन आल्या. "या वेळी इथे जाऊ या." आजवर त्यांनी कधी काही सुचवलं नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने होकार दिला. बसमध्ये माझ्या शेजारी बसल्या आणि गाडी गावाबाहेर पडल्यावर म्हणाल्या, "चित्रं माझ्या बहिणीची आहेत. मागच्या हिवाळ्यात ती गेली. मला पेपरातून कळलं."

मी मांडीवरची पिशवी खाली ठेवून त्यांच्याकडे वळले. त्याच बोलत राहिल्या.

"वीस वर्षांची असताना भांडून घर सोडलं तिने. चित्रांनी पोट भरत नाही, असं मी म्हटलं होतं. आठ वर्षांनी पत्र आलं, चार पानांचं. वाचायला बसले आणि तांबडी पेन्सिल हातात कधी आली, माझं मलाच कळलं नाही. सगळं पत्र तपासलं आणि परत पाठवून दिलं."

"आणि उत्तर?"

"तेच उत्तर. समासात मी लिहिलं होतं, शुद्धलेखन अजून सुधारलेलं नाही. मला वाटलं, हसेल. लहानपणी असंच चालायचं आमचं. त्यानंतर तेवीस वर्षं एक ओळ आली नाही."

मला तोंडावर बोलायची खोड आहे. "फार वाईट केलंत तुम्ही," मी म्हटलं.

"हो," बाई म्हणाल्या. "म्हणून तर चाललेय. तिच्या मनात मी कशी राहिले, ते एकदा बघायचंय. शिव्या असल्या तरी चालतील."

प्रदर्शनाच्या तीन खोल्या होत्या. पहिल्या दोन खोल्यांत नुसती दारं, फडताळं, जिने, वाळत घातलेले कपडे. माणूस कुठेच नाही. बाई प्रत्येक चित्रासमोर थांबत होत्या, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच मान वर करून बघत होत्या. मास्तर चहाचं विचारायला आले, तर मी नुसतं डोळे वटारून त्यांना परत पाठवलं.

तिसऱ्या खोलीत समोरच्याच भिंतीवर एक बाई होती. दिव्याखाली वाकलेली, पाठ अर्धी आपल्याकडे, हातात तांबडी पेन्सिल. टेबलाच्या काठावर एक वाटी झाकून ठेवलेली. पाटीवर एकच शब्द होता, 'आई'.

"चूक आहे," बाई म्हणाल्या. आवाज चढला होता. "ही मी आहे. आई कशी असेल? तिला तर आई आठवतही नव्हती. कुणीतरी पाटी चुकीची लावलीय."

"चूक नाही हो ती," मी म्हटलं. "तिला दुसरी आई होतीच कुठे?"

पण त्या ऐकेनात. प्रदर्शनाच्या व्यवस्थापिका धावत आल्या. नावं बाईंच्या बहिणीनेच दिली आहेत, जाण्याआधी सगळी यादी स्वतः लिहून दिली आहे, असं त्या समजावू लागल्या. बाईंनी हात पुढे केला. "मूळ प्रत दाखवा." छापखान्याचा कायदाच तो, मूळ प्रत पाहिल्याशिवाय कुणाच्या शब्दाला हात लावायचा नाही.

फाइल आली. अंथरुणात पडून लिहिलेली असावीत अशी थरथरती अक्षरं. एकतिसाव्या ओळीत लिहिलं होतं, 'आइ'. इ ऱ्हस्व.

"तेवढं आम्ही शुद्ध करून घेतलं," व्यवस्थापिका संकोचून म्हणाल्या.

बाईंचं बोट त्या इ वर थांबलं. "शंभर वेळा गिरवून घेतलं होतं मी तिच्याकडून," एवढंच म्हणाल्या आणि तिथल्या बाकावर बसल्या. सवयीने मी त्यांची नाडी धरली. मग त्या रडल्या, आवाज न करता, पण पुष्कळ वेळ. मी आयुष्यात कितीतरी मरणं पाहिली, नातेवाइकांना कोरड्या डोळ्यांनी बाहेर नेऊन बसवलं, पण त्या दिवशी मलाही रुमाल शोधावा लागला. आमची मंडळी दाराशी येऊन थांबली होती. मास्तरांनी टोपी काढून हातात धरली होती.

बऱ्याच वेळाने बाई उठल्या. तोंड पुसलं, फाइल नीट बंद करून परत दिली.

"पाटी बदला," त्या म्हणाल्या. "मुळाबरहुकूम करा."

"अहो, पण ते अशुद्ध होईल," व्यवस्थापिका म्हणाल्या. "लोक म्हणतील, यांना साधं 'आई' लिहिता येत नाही."

"म्हणू देत. तिला एकदा दुरुस्त करून परत पाठवलंय मी. आता नाही."