विनीतने भरलेल्या रिकाम्या जागा

लालबागला आमच्या टॉवरमध्ये सातव्या मजल्यावर राहणारा विनीत परब हृदयाचे ठोके टिपणारी चिप डिझाइन करतो. छातीला पट्टी चिकटवायची. तिच्यातली नखाएवढी चिप शरीरातली इवलीशी वीज मोठी करते, तिचे आकडे करते आणि मोबाइलवर रेघ काढते. लिफ्टमध्ये त्याने हे इतक्यांदा ऐकवलंय, की सोसायटीच्या सभेत गळक्या टाकीचा विषय निघाला तरी हा चिपवर येणार हे सगळ्यांना पाठ आहे.

एकदा म्हणाला, "वहिनी, पट्टी जरा सुटली की रेघ तुटते. पैसे लावणाऱ्यांसमोर किती वाईट दिसतं! म्हणून सिग्नल गेला की माझी चिप मागचेच ठोके पुढे काढत राहते. एकदम स्मूथ."

"आणि ठोकाच पडला नसेल तर?"

"आमची ज्युनियर आकांक्षा पण हेच रडते. वहिनी, तुम्ही पोहे मात्र मस्त करता हां."

त्याची आई, मालनकाकू, महिनाभर ओट्याला धरून उभ्या राहायच्या. "माका गरगरता गो सीमा." विनीतने नमुन्याची पट्टी लावली, रेघ बघितली आणि निकाल दिला, "आई, नाटकं पुरे. नॉर्मल आहे सगळं."

बुधवारी काकू बाथरूमच्या दारात कोसळल्या. परळच्या हॉस्पिटलात त्यांना मशीन लावलं. डॉक्टरांनी कागदाची पट्टी आमच्यापुढे धरली. ठोका, ठोका, मग चार सेकंद कोरी जागा. "हृदय मध्येच थांबतंय. आजच पेसमेकर बसवू."

विनीत म्हणाला, "तुमची वायर सुटली असेल."

डॉक्टरांनी काकूंच्या छातीवर घट्ट चिकटलेली वायर दाखवली. तो पांढरा पडला. समजलं होतं त्याला. शुक्रवारी चिपचं डिझाइन फॅक्टरीत जाणार होतं. एकदा गेलं की त्या चिपांत काडीचाही बदल करता येत नाही, हे त्यानेच मला सांगितलेलं. तो घाईने बाहेर गेला, आकांक्षाला फोन लावला. मला वाटलं, बरं झालं, अक्कल आली.

"फाइल आजच पाठव," तो सांगत होता. "शुक्रवारपर्यंत थांबलो तर तू अजून शंका काढशील. आई? आईची केस रेअर आहे गं. पुढच्या व्हर्जनला बघू."

नर्स संमतीचा फॉर्म घेऊन आली. फोन खांद्यात दाबून, न वाचता, त्याने सही केली. तीही चुकीच्या रकान्यात.