तारेचे वय

देहाला न दुखवता त्यातली व्यथा जाणणे ही वैद्यविद्येची परमसिद्धी मानली जाते. जड वस्तूंशीही तितक्याच मार्दवाने वागणारा माणूस मात्र विरळा. नाशिकचे शफी वायरमन त्या विरळ कोटीतले. तारेच्या रबरी आवरणाचे वय ते तिला चीर न देता ओळखत: नखाने दाबून, किंचित वाकवून, कानाशी नेऊन. म्हातारे रबर वाकताना कुरकुरते, असे ते म्हणत.

१९३७ साली, दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी, वीज कार्यालयाचे परीक्षक भद्रकालीत भागीबाईंच्या पीठगिरणीत आले; गिरणीच्या तारा सांभाळणारे शफीही तिथे होते. त्यांनी प्रवाह बंद करून तारेला मेगर लावला. दांडी फिरवली की आवरण निरोगी असल्यास या यंत्राचा काटा चढतो, दुबळे असल्यास शून्याकडे लोळतो. काटा लोळला.

"सगळी तार जीर्ण आहे. खात्रीसाठी मधून कापून पाहू. नवी येईपर्यंत गिरणी बंद."

"दिवाळी तोंडावर आलीय, साहेब! अख्ख्या पेठेची भाजणी मी कुठे दळू? शफीभाई, तुम्ही तरी बोला!"

शफींची दृष्टी तारेच्या टोकांवर खिळली होती. तिथे पिवळसर, ओलसर लेप चमकत होता.

"भागीबाई, हे काय?"

"खंडेनवमीची पूजा. मोटरीला हळदकुंकू वाहिलं, मग तारेनं काय पाप केलं? तिलाही वाहिलं. वर दुधाचे शिंतोडे."

"देवी प्रसन्न झाली असेल, पण काट्याला सर्दी झाली!"

परीक्षकांनाही हसू आवरेना. शफींनी कोरड्या फडक्याने टोके निगुतीने पुसली, ती सुकू दिली आणि दांडी फिरवली. काटा चढला, मात्र पुरता नव्हे.

भागीबाईंनी हात जोडले. "झालं! चालवा गिरणी."

गप्प राहणे सोपे होते. पण शफींनी सांधे सोडवून एकेक लांबी स्वतंत्र मोजली. शेजारच्या चुरमुऱ्यांच्या भट्टीच्या भिंतीवरून गेलेल्या लांबीशी काटा पुन्हा लोळला. त्यांनी ती हलकेच वाकवली. कुरकुर स्पष्ट ऐकू आली.

"ही उष्णतेने म्हातारी झाली. एवढीच बदलायची."

"शफीभाई, तुम्ही नक्की कोणाच्या बाजूचे?"

"तारेच्या."

ती लांबी त्याच दुपारी बदलली, आणि दिवे लागायच्या आत जाते फिरू लागले. परीक्षकांनी शफींकडून एक सूचना लिहून घेतली.

शफींना जाऊन बरीच वर्षे लोटली. 'मोजणीपूर्वी टोके कोरडी करावीत, मग प्रत्येक लांबी निराळी मोजावी' हा त्यांच्या हातचा कागद वीज कार्यालयाच्या भिंतीवर अजून आहे.