चाखेसाहेब आणि आमची नागली

साहेब पहिल्यांदा आमच्या पाड्यावर आले तेव्हा त्यांनी ना खुर्ची मागितली ना पाणी. अंगणात सुपात वाळलेला मोह ठेवला होता, त्यातली मूठभर फुलं उचलून त्यांनी सरळ तोंडात टाकली. आम्ही बायका बघतच राहिलो. चघळत चघळत म्हणाले, "गोड आहे की! याचं काय करता तुम्ही?"

माझी सासू म्हणाली, "दारू."

 साहेबांनी घास गिळला आणि विचारलं, "ते सोडून?"

पदराआड हसून हसून आमची पुरेवाट झाली. तेव्हापासून त्यांचं नाव पडलं चाखेसाहेब. खरं आडनाव चांगलं भारदस्त होतं, पण ते फक्त त्यांच्या टेबलावरच्या पाटीला माहीत. सूर्यमाळच्या अंगाला जेवढे म्हणून पाडे आहेत तेवढ्यांत ते चाखेसाहेबच होते. तालुक्याच्या ऑफिसात त्यांचं काम असं की, शेतात-रानात जे पिकतं त्याच्यावर गावातल्या गावात छोटा धंदा उभा करून द्यायचा. सरकार मशीनला मदत देतं, शिकवायला माणसं देतं, आणि ते सगळं आमच्या दारापर्यंत ओढून आणायचं ते साहेबांनी.

खाण्याच्या बाबतीत या माणसाला कशाचाही विधिनिषेध नव्हता. कच्ची करवंदं, बांबूचे कोवळे कोंब, उंबराची फळं, सगळं चालायचं. एकदा तर खुरासणीचं तेल काढून उरलेली पेंड उचलून खाल्ली. मी ओरडले, "साहेब, ती बैलाची आहे!" तर म्हणतात, "बैलाची आवड बरी आहे." त्यांचं एक ठरलेलं बोलणं होतं, "आधी पोटात, मग फायलीत." स्वतःच्या जिभेला पटल्याशिवाय ते कुठल्याच धंद्याची शिफारस करायचे नाहीत. पोटही तसंच होतं त्यांचं, शर्टाच्या गुंड्या कायम ताणलेल्या.

साहेब घाटावरचे. आमच्याकडे थोरामोठ्यांनाही 'तू' म्हणतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. घरच्या बोलीत आमच्याकडे देवालाही तू आणि कलेक्टरलाही तू. सासू पहिल्याच दिवशी म्हणाली, "सायेब, तू खूप खातोस रं. घरी तुला देत नाय का?" साहेबांचे कान लाल झाले. मी शाळा शिकलेली, दहावी पास, म्हणून बचत गटाची सचिव झालेली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पुढच्या खेपेला ते आले तेच मुळी "म्हातारे, तू जेवलीस का?" असं विचारत. नंतर त्यांच्याबरोबरच्या एका कारकुनाने सासूला "अहो आजी, साहेबांना तुम्ही म्हणायचं" असं शिकवायला घेतलं, तर त्याच्यावरच खेकसले, "गप रे. मला तू म्हणणारं आता कोण उरलंय?"

आम्ही नागली म्हणतो, पुस्तकात नाचणी म्हणतात. पाकिटावर काय छापायचं यावरून वरच्या ऑफिसशी त्यांचं वाजलं. शहरातल्या गिऱ्हाइकाला नाचणीच कळते, असं वरच्यांचं म्हणणं. साहेब हटले नाहीत. "पोरीचं नाव आईनं ठेवायचं असतं, गिऱ्हाइकानं नाही," असं फोनवर सुनावलं त्यांनी. फोन लागायचा तो फक्त पाड्याच्या वरच्या टेपावर, म्हणजे टेकाडावर. त्यामुळे साहेबांची सगळी भांडणं टेपावर उभं राहून, मोठ्याने व्हायची आणि सगळा पाडा कामं सोडून ऐकत बसायचा.

सगळ्यात मोठं भांडण मशीनचं. नागली दळायचं मशीन आलं, आम्ही त्याला हळदकुंकू लावलं, आणि मग कळलं की त्याची मोटर थ्री फेजची आहे. आमच्याकडे साधी एक फेज, तीही सणासुदीला रुसणारी. साहेब टेपावर चढले. "अहो, इथं एकच तार येते, ती पण तिच्या मनात आलं तर! तुमच्या तीन फेज काय मी खिशातून आणू?" आमची पोरं कित्येक दिवस ते वाक्य खेळात म्हणत होती. मोटर मात्र बदलून मिळाली.

बिस्किटं करायला शिकायला त्यांनी आम्हाला जव्हारला नेलं. पहिला घाणा असा झाला की दगड बरा. एकजण म्हणाली, याने कुत्रा मारला तर मरेल. साहेबांनी एक बिस्किट घेतलं, दाढेखाली धरलं, कट्कन आवाज आला. तोंडावर रुमाल धरून बाहेर गेले ते दाढेचा तुकडा हातात घेऊनच परत आले. "चव चांगली आहे," म्हणाले, "दाढ तशीही काढायचीच होती." जिने तो घाणा काढला होता, त्या बाईने मग हट्टाने ते काम शिकून घेतलं. आता तिच्या हातच्या बिस्किटाला अख्ख्या तालुक्यात तोड नाही.

पण हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, निदान माझ्यासाठी तरी. दिवाळी झाली की आमच्याकडे टेम्पो येतो. माणसं, भांडी, कोंबड्या, पोरं, सगळं त्यात भरायचं आणि भिवंडीकडे वीटभट्टीवर जायचं, ते पार पावसाच्या तोंडावर परत. माझी थोरली दरवर्षी दिवाळीपर्यंत शाळेत आणि मग चिखलात. मला फक्त एक हिवाळा घरी काढायचा होता. साहेबांनी आश्रमशाळांना नागलीची बिस्किटं द्यायचं बोलून ठेवलं होतं. दळायचं मशीन झालं होतं, आता ओव्हन हवा होता. आणि ओव्हन मिळणार होता जिल्ह्याचे मोठे साहेब येऊन मशीन चालू असलेलं बघून गेल्यावर. एवढ्या एका तपासणीवर माझं घरी राहणं अडलं होतं.

तपासणीचा दिवस चाखेसाहेबांनीच ठरवला. कापणी झाली, खळ्यात नागली आली, म्हणजे मशीन चालवायला धान्यच धान्य, असा त्यांचा हिशेब. रानातलं पान न् पान चाखलेला हा माणूस, पण एक गोष्ट त्याने कधी विचारली नव्हती. कणसरी ही आमची धान्याची देवी. सगळ्या पाड्याची कापणी उरकली की दिवस ठरवून तिची पूजा होते. तोवर नवं धान्य कुणी दळत नाही, शिजवत नाही. दोन घरांची नागली अजून शेतातच उभी होती. आणि जुनी म्हणाल तर ती पावसाळ्यातच खाऊन संपलेली. आदल्या दिवशी मी हे सांगितलं तेव्हा साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. धावत जव्हारच्या बाजारात गेले, पोतं घेऊन आले, तर तीही यंदाचीच.

दुसऱ्या दिवशी गाड्या आल्या. मोठे साहेब माणूस वाईट नव्हते, पण त्यांना अजून चार गावं करायची होती. घड्याळ बघत म्हणाले, "हं, चालू करा बघू."

कुणी हललं नाही. सासू मशीनशेजारी भिंतीला टेकून बसली होती. मी नागलीचा डबा उचलला.  डोळ्यांसमोर टेम्पो उभा होता, आणि मी ठरवलं होतं, दळायचं. मी सासूकडे बघितलं. तिने डोळे मिटून घेतले.

चाखेसाहेबांनीही तिच्याकडे बघितलं. मला म्हणाले, "ताई, डबा खाली ठेव."

मी म्हटलं, "सायेब, राहू दे. टाकते मी."

"ठेव म्हणतो ना!" असे ते माझ्यावर कधी ओरडले नव्हते. मग वळून मोठ्या साहेबांना म्हणाले, "सर, आज मशीन चालणार नाही. यांचं नवं धान्य अजून देवाला दाखवलेलं नाही. दिवस मी ठरवला, चूक माझी आहे. पुढच्या आठवड्यात या."

"पुढच्या आठवड्यात मला वेळ नाही. मग युनिट बंद आहे असं लिहावं लागेल."

"लिहा," चाखेसाहेब म्हणाले.

गाड्यांची धूळ खाली बसेपर्यंत मी दम धरला. मग मात्र माझा तोल सुटला. म्हटलं, "सायेब, देव आमचा होता. आम्ही बघून घेतलं असतं! तुला कुणी मधे पडायला सांगितलं होतं? आता भट्टीवर तू येणार आहेस का माझ्या पोरीला घेऊन?"

साहेब चाचरले. "अगं, म्हातारीनं डोळे मिटले. तिला बघवेना. मला वाटलं..."

तेव्हा सासू बोलली. "बघवत नव्हतं म्हणून नाय मिटले रं, दिसू नये म्हणून मिटले! मी बघितलं नाय, मंग कणसरीनं पण बघितलं नाय. मागनं एक कोंबडा दिला असता, झालं असतं. तुला एवढं कळू नये?"

साहेब मटकन दगडावर बसले. त्यांचा चेहरा असा झाला की माझा राग जागच्या जागी विरघळायला लागला, आणि त्याचाही मला राग आला. त्या दिवशी त्यांनी आमच्याकडे काही खाल्लं नाही. पुढे केलेला चहासुद्धा तसाच गार झाला.

कणसरी झाली. लगेच दोन दिवसांत टेम्पो आला. बोचकी बांधून आम्ही रस्त्यावर उभे होतो, आणि समोरून चाखेसाहेब मोटरसायकलवरून धापा टाकत आले. म्हणजे धापा मोटरसायकल टाकत होती. उतरले आणि टेम्पोसमोर उभे राहिले. ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. "वाजव, वाजव," म्हणाले, "मी पण सरकारी आहे, मला ऐकायला येत नाही." मग आम्हाला म्हणाले, "बायांनो, ओव्हन नाही ना? नसू दे. बिस्किटं नाहीत तर पापड करा. मशीन आहे, नागली आहे आणि वर हे ऊन आहे. उन्हाला कुणाची मंजुरी लागते? विकायचं मी बघतो."

कुणाचा विश्वास बसला नाही. बहुतेक जणी चढल्या. माझा नवरा माझ्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "तू रहा पोरांना घेऊन. मी जातो." सासूने माझं बोचकं ओढून घेतलं आणि घराकडे चालायला लागली. आम्ही तिघीचौघी राहिलो. टेम्पो गेल्यावर रस्ता असा ओका दिसत होता की मला रडू आवरेना.

तो हिवाळा आम्ही पापडांवर काढला. सुट्टीच्या दिवशी साहेब स्वतः जव्हारजवळच्या शिरपामाळवर जाऊन उभे राहायचे. फिरायला आलेल्या माणसांच्या हातात भाजलेला पापड कोंबायचे. "महाराज इथं थांबले होते, तुम्हीही थांबा आणि हे खा," असं म्हणायचे. एवढा मोठा अधिकारी आणि असा फेरीवाल्यासारखा ओरडतोय, मला लाज वाटायची. पापड मात्र पिशवीत उरायचे नाहीत. माझी थोरली त्या वर्षी पहिल्यांदा वार्षिक परीक्षेला बसली. पुढे फेरतपासणी होऊन ओव्हनही आला, आणि पुढच्या दिवाळीनंतर टेम्पोत आमच्या पाड्यावरची माणसं निम्मीच चढली. माझा नवरा चढला नाही.

साहेबांची बदली झाली तेव्हा आम्ही त्यांना नारळ-टोपी दिली. ते रडले, अगदी नाक ओढत. सासू म्हणाली, "रडतोस काय, सासरी चाललास का?" मग तीच आत जाऊन डोळे पुसून आली. पुढे खाली पाड्यातही फोन लागायला लागला, आणि त्यांचे फोन यायचे अधूनमधून. डॉक्टरांनी खाण्यावर बंधनं घातली आहेत, अशी कुरकुर असायची त्यांची.

यंदा कणसरी झाली, दळण सुरू झालं, आणि तालुक्याहून नव्या साहेबांचा फोन आला. कोवळा आवाज, नुकताच लागलेला मुलगा असणार. म्हणाला, "ताई, तपासणीला यायचंय. त्याआधी विचारायचं होतं, तुमची कणसरी झाली का?"

मी चकित झाले. म्हटलं, "तुम्हाला काय माहीत कणसरी?"

"मला काही नाही माहीत," तो म्हणाला. "पण इथं सगळे तसंच करतात. तुमच्याकडच्या पाड्यांची तारीख लावायची तर आधी हे विचारायचं, असं पूर्वीच्या एका साहेबांनी सांगून ठेवलंय. ते खाण्याचे शौकीन होते, ते. तुम्ही ओळखत असाल. ते गेले ना गेल्या आठवड्यात."

 सासू शेजारीच पापड उलटवत होती. माझा चेहरा बघून तिने विचारलं, मी सांगितलं. हातातला पापड तिने होता तसाच खाली ठेवला. मग उठली, मशीनचं बटण बंद केलं आणि माझ्या हातून फोन घेतला.

"सायेब, कणसरी झाली," ती म्हणाली. "पण तू इतक्यात येऊ नको. मशीन बंद हाय. आमच्या घरातलं माणूस गेलंय."

"अरेरे," तिकडून आवाज आला. "कोण गेलं, आजी?"

"कोण काय रं?" सासू म्हणाली. "आथा तूच तं सांगितलंस."