तीन बोटांची भाकरी

आमच्या हिंगोलीच्या बोर्डिंगात पंगत एक, पण भाकरी ज्याची त्याची. हैदराबादला कॉलेजात जायचं तर आधी मॅट्रिक व्हावं लागे, म्हणून खेड्यापाड्यांतली आम्ही पंधरा पोरं तिथे येऊन पडलो होतो. प्रत्येकाने घरून पिठाचा डबा आणायचा. स्वयंपाकीणबाई, म्हणजे आमच्या मावशी, भाकरी थापली की काठाला बोटं दाबून खूण करायच्या. माझ्या भाकरीला तीन बोटं. नियम कडक होता: ज्याचा डबा रिकामा, त्याने गावी जायचं. डबे मात्र स्वयंपाकघरात, आणि तिथे पोरांना मज्जाव.

निजामी राज्याचं ते अखेरचं वर्ष. रस्त्यांवर धास्ती होती, आमच्या गावाहून, कुरुंद्याहून, बैलगाडी येईना. वडील कुणाबरोबर तरी पीठ धाडत असतील, असं मी खुशाल धरून चाललो. परीक्षा तीन आठवड्यांवर आली आणि माझ्या भाकरीची चव बदलली. कधी जाडंभरडं पीठ, कधी चक्क बाजरी मिसळलेली. मी जात्याच तापट. भर पंगतीत ताट सरकवलं.

"मावशे, माझं पीठ कुणाच्या घशात घालून राहिली तू?"

मावशी एवढंच म्हणाल्या, "चुकलं लेकरा. उद्या बराबर करीन."

तेवढ्याने माझं समाधान होतंय थोडंच! चोरी पकडायचीच म्हणून तडक आत शिरलो आणि माझा डबा उघडला. तळाशी कोळ्याने जाळं विणलं होतं.

वळून पाहिलं तर दारात सगळी पोरं उभी. कुणी माझ्याकडे बघेना. रोज प्रत्येक डब्यातून एकेक मूठ माझ्यासाठी निघत होती, आणि ते माझ्याखेरीज सगळ्यांना ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी ट्रंक भरायला निघालो.

मावशींनी मनगट धरलं. "इम्तिहान दे, मग जाय कुठं जायचं ते. अन् भाकर कडू लागली तं सांगत जाय."

परीक्षा झाल्यावर वडील मला न्यायला आले, ते पिठाचं पोतं घेऊनच. त्या दिवशी मावशींनी आपणहून मला आत बोलावलं. एकेका डब्यात मी ओंजळीने पीठ घालत गेलो. माझा डबा तेवढा वगळला, तर त्या म्हणाल्या, "ह्याच्यातबी टाक. उद्या कुणाचा रिकामा होईल, काय सांगावं?"

मी तो काठोकाठ भरला.