लय ब्येस म्हणणाऱ्या भामाबाई

भाजे गावातून लेण्यांकडे जाणाऱ्या वाटेवर भामाबाई कितीतरी वर्षं मक्याची कणसं भाजत आल्या. डाव्या हातानं कणीस फिरवायचं, उजव्यानं पंखा हलवायचा. गेल्या वर्षी अर्धांगवायूचा झटका आला. पाय सावरला, पण उजवी मूठ मिटेना. शेगडीपाशी सून कोमल बसू लागली आणि भामाबाई मागं बाकड्यावर. “हितं बसलं की पाव्हणीच झाले मी,” त्या म्हणत. पावसाळ्याच्या गर्दीआधी त्यांना शेगडीपाशी परतायचं होतं.

त्यासाठी तळेगावजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकणारी अनुष्का आणि श्रीयश त्यांच्या उजव्या हाताला पंखा धरून ठेवणारा पट्टा बनवत होते. नवा नमुना बांधून अनुष्का विचारी, “मावशी, कसा वाटतो?”

“लय ब्येस हाय गं.”

पुढच्या खेपेला पट्टा फडताळात तसाच पडलेला. ब्येस आहे तर वापरत का नाहीत? अनुष्काला उलगडेना. शेवटी तिनं कोमलला विचारलं.

“आत्या पाव्हण्यानं आणलेल्या वस्तूला नावं न्हाई ठेवत,” कोमल म्हणाली. “माझ्या मामांनी आणलेली आंबट द्राक्षंबी गोड म्हणून संपवली त्यांनी.”

मग अनुष्कानं तोच पट्टा पुढं केला. “मावशी, हा दुसऱ्या पोरांनी केलाय. आमचा नाही.”

भामाबाईंनी तो उलटसुलट केला. “ह्यांनी कदी शेगडी पेटवलीया का? घामानं सरकतो. वारा निखाऱ्याला न्हाई, माझ्याच तोंडाला लागतो. आन बांधायला दुसरं माणूस लागतं. कुणाची म्हणायची ही हुशार पोरं?”

श्रीयशनं हसू दाबायला तोंड फिरवलं.

“आमचीच,” अनुष्का हळूच म्हणाली.

भामाबाईंनी पट्टा खाली ठेवला. “आदी सांगायचंस. गोडीनं बोलले असते.”

“गोडीनं नको, मावशी. त्यातच इतके महिने गेले.”

आषाढातल्या एका रविवारी भामाबाई शेगडीपाशी बसल्या होत्या. नव्या पट्ट्यात पंख्याची दांडी तिरकी बसत होती आणि पट्ट्याचं टोक दातात धरून तो एकटीला आवळता येत होता. कोमल कणसांना लिंबू-मीठ चोळत होती. पुढं गिऱ्हाइकं खोळंबलेली. अनुष्का काही न विचारता नुसती बघत उभी होती. पंखा हलला, निखारे फुलले.

“पोरी,” भामाबाई मान वर न करता म्हणाल्या, “अंगठ्याखाली काचतंय. तितं मऊ कापड लाव. आन वाऱ्याच्या वाटंतनं बाजूला हो.”