साठ म्हटलं म्हणजे साठच

दुर्गाबाईला जावेचा राग यावा असं जावेनं काहीच केलं नव्हतं, आणि खरी अडचण तीच होती. रंजिता भात मोकळा शिजवायची, सासूच्या पायांना तेल चोळायची, डोक्यावरचा पदर ढळू द्यायची नाही. भांडायला तिनं जागाच ठेवली नव्हती.

गोंदियाहून आमगावकडे निघालं की रस्त्याला लागूनच देवीदासचं आवार आहे. दुसऱ्या-तिसऱ्या हाताला विकल्या गेलेल्या पोकलेन, लोडर तिथं दुरुस्तीला येतात. पुढं आवार, मागं घर. देवीदास इंजिन कान लावून ओळखणारा माणूस. पण आताच्या मशिनींच्या पोटात वायरी फार. इंजिनची डबी (म्हणजे त्याचा छोटा संगणक), पंपाची डबी आणि चालकासमोरचा पडदा ही सगळी मंडळी दोन पिळलेल्या तारांवरून एकमेकांशी बोलतात. हे बोलणं तुटलं की मशीन धडधाकट असूनही हलत नाही. असा दोष शोधायला दोन माणसं लागतात. एकानं मागं इंजिनापाशी वायर हलवायची, दुसऱ्यानं केबिनमध्ये मीटरच्या सुया लावून आकडा ओरडायचा.

अकरा वर्षं तो आकडा दुर्गाबाई ओरडत आली होती. अर्जुनी मोरगावकडची, आठवी शिकलेली. पहिल्यांदा केबिनमध्ये चढली तेव्हा हाताचं पीठसुद्धा धुतलेलं नव्हतं. तारेच्या दोन्ही टोकांना, डब्यांच्या बाहेर, एकेक रोध म्हणजे रेझिस्टर असतो, बॅटरी तोडून मोजलं तर साठ ओहम यायला हवेत, हे देवीदासनं तिला शिकवलं. तिनं ते लक्षात ठेवलं आपल्या पद्धतीनं. साठ म्हणजे घरात सगळं ठीक. एकशेवीस म्हणजे एक टोक रुसून बसलं. चाळीस म्हणजे घरात तिसरंच कोणी शिरलं. देवीदास हे गिऱ्हाइकांना हसत हसत सांगायचा, आणि ती तोंडावर पदर धरून खूश व्हायची.

मग फेब्रुवारीत धाकट्या दिराचं, लोकेशचं लग्न झालं. लोकेश रायपूरला कामावर. रंजिता इथंच. तिचा डिप्लोमा झालेला, नागपूरला जुन्या मशिनी विकणाऱ्याकडे दोन वर्षं नोकरी केलेली. दहेजात तिनं कपाट आणलं, तसा एक लॅपटॉपही आणला. तो मशिनीला जोडला की पडद्यावर ओळी उमटत, आणि देवीदास लांबून मान उंच करून बघे.

लांबूनच, कारण धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी, म्हणजे नवऱ्याच्या मोठ्या भावाशी, थेट बोलायचं नाही अशी घरची रीत. सासूबाई सुलोचनाबाई म्हणाल्या, "कामापुरतं बोलू दे ना वो, आता कोण पाळते?" दुर्गाबाईनंच रीत घट्ट धरली. "नाही मामीजी. लोकं काय म्हणतीन?"

लोक काही म्हणत नव्हते. पण ते दोघं बोलायला लागले तर मधली दुर्गाबाई कशाला लागणार होती?

म्हणून आवारात असं चाले. ताडपत्रीखाली रंजिता हळू आवाजात म्हणे, "ताई, त्याइले सांगा, पंपाची डबी उत्तर देऊन नाही राहिली." दुर्गाबाई दहा पावलं चालून तेच मोठ्यानं सांगे. देवीदास म्हणे, "तिले विचार, कधीपासून?" की ती परत दहा पावलं. निरोप नेताना तिला त्यातला अर्धा समजत नसे, आणि नवऱ्याच्या डोळ्यांतलं कौतुक मात्र पुरतं समजे. ते कौतुक तिच्या अंगावरून पुढं ताडपत्रीकडे जात असे.

मे महिन्यात चैतरामची पोकलेन आली. त्यानं ती दोन महिन्यांपूर्वी जुनी घेतली होती. अधूनमधून पडदा काळा व्हायचा, आता तर मशीन हलतच नव्हती. गावची बोडी, म्हणजे लहान तळं, खोल करायचं काम अर्धवट पडलेलं.

रंजितानं निरोप धाडला, बॅटरी तोडून तारा मोजा. दुर्गाबाई केबिनमध्ये चढली, सीटमागच्या सॉकेटात सुया लावल्या.

"किती वो?" मागून देवीदास ओरडला.

मीटरवर चाळीस होते.

चाळीस. तिसरं कोणीतरी. मशिनीत कुठंतरी एक जादा डबी होती. हा आकडा आता ताडपत्रीखाली गेला की ती पोरगी पाच मिनिटांत डबी काढून दाखवणार, आणि देवीदास परत तसाच बघणार. दुर्गाबाईला वाटलं, दुपारी सगळे जेवायला बसले की आपणच शोधावी आणि त्याच्या हातात नेऊन द्यावी.

"अजी, साठ!" ती ओरडली.

दुपारी तिनं सीट पालथी घातली, पायाखालची रबराची चटई उचलली, बोटं सोलली. डबी सापडली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बिरसीच्या विमानतळावरच्या शिकाऊ विमानांची घरघर डोक्यावरून जात होती आणि देवीदास दोन दिवस नसलेला दोष शोधत होता. तिसऱ्या दिवशी त्यानं इंजिनची डबीच काढली आणि नागपूरला पाठवायला फडक्यात बांधायला घेतली.

"ताई," रंजिता म्हणाली, "त्याइले म्हणा, पाठवायच्या आधी एकदा परत मोजून पाहा."

दुर्गाबाई दहा पावलं चालली. "ती म्हणते, तुमच्या कामावर तिचा भरोसा नाही."

स्टुलावर बसलेला चैतराम हसला. "काय गा देवीदास, घरातच मास्तरीण आली!"

"मोजायचं काय हाय त्यात?" देवीदासनं गाठ आवळली. "दुर्गानं साठ म्हटलं म्हणजे साठच. अकरा वर्षांत तिचा आकडा चुकला नाही."

असं काही त्यानं चारचौघांत म्हणावं म्हणून ती फेब्रुवारीपासून वाट बघत होती. आता तो म्हणाला, आणि तिला तिथं उभं राहवेना. ती थेट रांधणीत गेली.

मागोमाग रंजिता आली. मडक्यातलं पाणी घेतलं, प्यायली नाही. "ताई, मीटरचा सेल उतरला असन. उतरला की काहीबाही आकडे दावते."

दुर्गाबाईनं वळून पाहिलं. "तू मोजलं?"

"काल. तुम्ही धुणं घेऊन गेल्या होत्या तवा."

"मंग सांगितलं काऊन नाही?"

"कोणाले सांगू?" रंजिता म्हणाली. "माह्या बोलण्याले तुमच्याशिवाय दुसरी वाट हाय का?"

ती भांडली असती तर बरं झालं असतं. ही सेलाची सबब हातात देत होती, जणू लहान पोराला गूळ. दुर्गाबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच पावली ती आवारात गेली, केबिनमध्ये चढली, सुया लावल्या.

"चाळीस!"

देवीदासचे हात थांबले. "काय?"

"चाळीस. परवाही चाळीसच होते."

"सेल उतरला का?"

"सेल चांगला हाय," दुर्गाबाई म्हणाली. "मी खोटं बोलली."

चैतराम चपलांकडे बघू लागला. देवीदासनं फडक्याची गाठ सोडली.

डबी रंजितानं काढली, केबिनच्या छताच्या अस्तरामागून. मशीन कुठं फिरते हे घरबसल्या कळावं म्हणून आधीच्या मालकानं बसवलेली, पाणी शिरून सडलेली. दुर्गाबाईनं वर कधी हात घातलाच नव्हता. देवीदासनं इंजिनची डबी परत जोडली, आणि रंजिता खाली उतरली. आता परत मोजायचं होतं.

दुर्गाबाईनं सुया लावल्या. आकडा थरथरला आणि थांबला.

"अजी, साठ."

खाली देवीदासनं हात पुसले. मग तो बोलला, आणि रंजिताशी थेट तो पहिल्यांदाच बोलला. "रंजिता, तू पाह्य बरं."

रंजिता पायरीवर चढली. दोघींचे खांदे केबिनच्या दारात एकमेकींना लागले. तिनं मीटर पाहिला. खाली भासरा तिच्या तोंडाकडे बघत उभा होता, तिनं नुसतं म्हटलं असतं तरी ऐकू गेलं असतं. तिनं पदर पुढं ओढला.

"ताई," ती हळूच म्हणाली, "त्याइले सांगा, साठच हाय."

दुर्गाबाईनं खाली देवीदासकडे तोंड वळवलं.

"साठच हाय म्हणते," ती ओरडली.

"मंग ठीक हाय," देवीदास म्हणाला, आणि बॅटरी जोडायला गेला.